विद्यापीठ हा ‘उद्योग’ आहे काय? : विद्यापीठसेवकांच्या हक्कांचा इतिहास

१

विद्यापीठाचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे कुलगुरूंच्या कारकीर्दी, नव्या विद्याशाखांची स्थापना, पदवीदान समारंभांतील व्याख्याने आणि इमारतींच्या कोनशिला एवढी सामग्री सहसा पुरेशी मानली जाते. ग्रंथालयातील पुस्तके जागच्या जागी लावणारा सेवक, परीक्षाविभागात गुणपत्रके तयार करणारा लेखनिक, प्रयोगशाळेतील परिचर, वसतिगृहातील सफाई कामगार आणि कृषिविद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर रोजंदारीने राबणारा मजूर यांना त्या इतिहासात क्वचितच स्थान मिळते. वस्तुतः यांच्या श्रमावाचून विद्यापीठ एक दिवसही चालणार नाही. या मंडळींची रजा, वेतन, निर्वाहनिधी, उपदान आणि सेवेची शाश्वती हे विषय त्यांच्या संघांच्या पत्रकांतून आणि सूचनाफलकांवरून वर्षानुवर्षे चर्चिले जात आहेत. ती पत्रके वाचणाऱ्यास एक गोष्ट पदोपदी जाणवते. एखादा लाभ कोणास लागू आहे आणि कोणास नाही, हे सांगण्यातच पत्रकाचा बराचसा भाग खर्ची पडलेला असतो.

हा पत्रककर्त्याचा पाल्हाळ नव्हे. त्याच्यामागे एक दीर्घ इतिहास आहे, आणि त्याचे स्थूल विवेचन करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : स्वातंत्र्योत्तर भारतात विद्यापीठसेवकांना जे हक्क मिळाले ते एका सलग तत्त्वातून उद्भवलेले नाहीत. ‘विद्यापीठ हा उद्योग आहे काय?’ आणि ‘विद्यापीठात काम करणारा मनुष्य कामगार आहे काय?’ या दोन प्रश्नांना निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या अधिनियमांखाली जी उत्तरे मिळाली त्यांचा तो परिपाक होय. या उत्तरांच्या मुळाशी शिक्षणाच्या प्रतिष्ठेची एक विशिष्ट कल्पना होती. ती कल्पना कधी सेवकाच्या आणि कधी खुद्द शिक्षकाच्या हक्काच्या आड आली.

२

आरंभ १९२६ च्या कामगार संघ अधिनियमापासून करणे योग्य होईल. १९२० साली मद्रास येथील बकिंगहॅम अँड कर्नाटक गिरणीच्या तंट्यात बी. पी. वाडिया आदी कामगार पुढाऱ्यांविरुद्ध उच्च न्यायालयातून मनाईहुकूम मिळविण्यात आला. कामगारांना एकत्र येण्याचा सल्ला देणे हे मालकाचे नुकसान करण्यासारखे गणले जाऊ शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२१ साली, नारायण मल्हार जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात कामगार संघांच्या नोंदणीसाठी व संरक्षणासाठी कायदा करावा असा ठराव मांडला. त्याची परिणती पाच वर्षांनी या अधिनियमात झाली. नोंदलेल्या संघाच्या पदाधिकाऱ्यांना फौजदारी कटाच्या आरोपापासून आणि काही दिवाणी दाव्यांपासून त्याने संरक्षण दिले.

या अधिनियमातील एका तरतुदीकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. संघाचा सर्वसाधारण निधी कोणकोणत्या कारणांसाठी खर्च करता येईल याची एक यादी त्यात आहे. तंटे चालविणे, तंट्यामुळे सभासदांना सोसाव्या लागलेल्या नुकसानीची भरपाई, आजारपण, वार्धक्य, अपघात व बेकारी यांसाठी मदत, सभासदांच्या मुलांचे शिक्षण, या बाबींबरोबरच मालक व कामगार यांच्याशी संबंधित प्रश्नांची चर्चा करणारे नियतकालिक चालविणे हीही त्यात एक मान्य बाब आहे. म्हणजे सभासदांना त्यांच्या हक्कांची माहिती देणे हे संघाचे आनुषंगिक काम नसून संघटनेच्या अंगभूत कार्यांपैकी एक आहे, ही जाणीव १९२६ च्या विधिकर्त्यांनाही होती. विद्यापीठातील कर्मचारी संघाचे साधे चक्रमुद्रित पत्रक या दृष्टीने पाहिले पाहिजे.

३

संघ स्थापन करणे ही एक गोष्ट झाली. संघाने मांडलेला तंटा ऐकून घेणारी यंत्रणा असणे ही दुसरी. ही यंत्रणा १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने निर्माण केली. १९५३ साली त्यात एक महत्त्वाची भर पडली. किमान एक वर्ष अखंड सेवा झालेल्या कामगारास कामावरून कमी करावयाचे असेल तर एक महिन्याची नोटीस अथवा तिच्याऐवजी वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षासाठी पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई दिली पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. मात्र हा लाभ मिळण्यास दोन दारे ओलांडावी लागत. संस्था ‘उद्योग’ असली पाहिजे आणि व्यक्ती ‘कामगार’ असली पाहिजे. पुढील सारा इतिहास या दोन दारांपाशी घडला.

पहिले दार प्रथम रुंद झाले ते मुंबई राज्यातून गेलेल्या दोन प्रकरणांनी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्डांतील दोन सेवकांना भरपाई न देता कामावरून दूर करण्यात आले होते. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालय हा उद्योग आहे असा निर्णय दिला. हा निर्णय न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिला होता. मालक व सेवक यांच्या सहकार्याने, पद्धतशीर रीतीने, समाजाला भौतिक सेवा पुरविणारे कार्य असले म्हणजे नफ्याचा हेतू नसला तरी ते उद्योगात मोडते, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी नागपूर महानगरपालिकेच्या सेवकांच्या प्रकरणात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी पालिकेच्या एकेका खात्याचा विचार केला, आणि प्राथमिक शिक्षण पाहणारे खातेही उद्योगाच्या कक्षेत येते असे ठरविले. तेथे प्रश्न मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४७ च्या स्वतंत्र अधिनियमाखालचा होता, हे खरे. तथापि शिक्षण आणि उद्योग ही दोन नावे एका वाक्यात येऊ शकतात, हे नागपूरने दाखवून दिले.

४

या पार्श्वभूमीवर १९६३ चा दिल्ली विद्यापीठाचा निर्णय वाचला म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानात येते. महिला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींची ने-आण करणाऱ्या बसगाड्या विद्यापीठ चालवीत असे. या गाड्या चालविण्यात तोटा येतो असे दिसून आल्यावर ती सोय बंद करण्यात आली आणि त्यांवरील दोन चालकांची सेवा संपविण्यात आली. हे चालक १९४९ पासून नोकरीत होते. त्यांनी कपातीची भरपाई मागितली. न्यायाधिकरणाने ती मान्य केली. विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयात गेले. निर्णय पुन्हा न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनीच लिहिला, आणि तो चालकांच्या विरुद्ध गेला.

त्यांची विचारसरणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. विद्यापीठाचे प्रधान कार्य शिक्षण देणे हे होय. हे कार्य शिक्षक करतात. अधिनियमातील व्याख्येप्रमाणे शिक्षक हा कामगार नव्हे. शिक्षण हे त्याच्या खऱ्या स्वरूपात धंदा नसून एक व्रत आहे. आता ज्या संस्थेचे प्रधान कार्य करणारेच अधिनियमाच्या बाहेर आहेत, तिला केवळ गौण कामे करणाऱ्या थोड्या सेवकांसाठी उद्योग ठरविणे विधिमंडळाच्या मनात असेल असे मानता येत नाही. अर्थात विद्यापीठ हा उद्योग नव्हे. आणि विद्यापीठ उद्योग नसल्यामुळे बसचालकास भरपाई नाही.

या युक्तिवादात एक लक्षणीय उलटापालट आहे. बसचालक हा निर्विवादपणे कामगार होता. तो एखाद्या वाहतूक कंपनीत असता तर त्याला भरपाई मिळाली असती. गाडी तीच, रस्ता तोच, काम तेच. परंतु गाडीत बसणाऱ्या विद्यार्थिनी शिक्षणासाठी जात होत्या आणि त्यांना शिकविणारा शिक्षक हा कामगार नव्हता, म्हणून गाडी हाकणाराही आपल्या हक्कास मुकला. शिक्षकाच्या व्रताची किंमत चालकाला द्यावी लागली.

न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांस सेवकवर्गाबद्दल आस्था नव्हती, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. रुग्णालयाचा निर्णय त्यांचाच होता. १९६२ साली मुंबईतील एका सॉलिसिटर संस्थेच्या सेवकांच्या प्रकरणात त्यांनी बुद्धिप्रधान व्यवसाय उद्योगाच्या बाहेर ठेवले. त्या वाटेवरील पुढचा टप्पा म्हणजे दिल्ली विद्यापीठाचा निर्णय होय. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. निवृत्तीनंतर १९६६ साली नेमलेल्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे ते अध्यक्ष होते. या आयोगाचा अहवाल १९६९ साली सादर झाला. याच सुमारास, १९६७ पासून १९७१ पर्यंत, ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. देशातील श्रमविषयक धोरणाचा विचार आणि एका मोठ्या विद्यापीठाचा कारभार या दोन्ही जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीकडे असताना कायद्याच्या दृष्टीने मात्र विद्यापीठ श्रमविषयक विवादांच्या कक्षेबाहेर होते, हा योगायोग इतिहासकाराने नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

५

१९६३ च्या निर्णयाशी सुसंगत असेच धोरण विधिमंडळाचेही दिसते. १९६५ च्या बोनस अधिनियमात ज्यांना तो लागू होणार नाही अशांची एक यादी होती. विद्यापीठे व इतर शैक्षणिक संस्था यांच्या सेवकांचे नाव त्या यादीत स्पष्टपणे घातलेले होते. नफा नसलेल्या संस्थेत नफ्याचा वाटा कोठून द्यावयाचा, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. परंतु ही तरतूद पुढे महत्त्वाची ठरली ती दुसऱ्याच कारणाने. ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ न्यायालयाने नंतर बदलला, तरी बोनसची वगळणूक स्वतंत्र शब्दांत लिहिलेली असल्यामुळे तिला धक्का लागला नाही. एक दार उघडले म्हणून दुसरे आपोआप उघडत नाही, हा धडा विद्यापीठसेवकांच्या संघांना येथे प्रथम मिळाला.

रुग्णालयांच्या बाबतीतही काटा उलट फिरला. १९७० साली सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० चा मुंबईचा निर्णय अमान्य केला. या दशकाच्या मध्यास कोणती संस्था उद्योग आहे हे निश्चितपणे सांगणे विधिज्ञांनाही कठीण झाले होते.

६

हा गोंधळ मिटविण्यासाठी सात न्यायाधीशांचे पीठ बसले. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी त्याने बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात निर्णय दिला. बहुमताचे मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचे होते. पद्धतशीर कार्य, मालक व सेवक यांचे सहकार्य, आणि मानवी गरजा भागविणाऱ्या वस्तूंचे वा सेवांचे उत्पादन अथवा वितरण, अशी त्रिविध कसोटी त्यांनी घालून दिली. नफ्याचा हेतू अप्रस्तुत ठरला. या कसोटीस विद्यापीठे व शिक्षणसंस्था उतरत असल्यामुळे १९६३ चा निर्णय रद्दबातल झाला. न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी स्वतंत्र मतपत्राने बहुमताशी सहमती दर्शविली. न्यायमूर्ती जसवंतसिंग आणि न्यायमूर्ती वि. द. तुळजापूरकर यांनी मात्र एवढी विस्तृत व्याख्या मान्य केली नाही.

विद्यापीठाच्या दृष्टीने या निकालपत्रातील दोन मुद्दे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, संस्थेतील किती माणसांना अधिनियमाचा लाभ मिळेल यावरून संस्थेचे स्वरूप ठरत नाही. कार्याच्या स्वरूपावरून ते ठरते. शिक्षक कामगार नसेल तर त्याला लाभ मिळणार नाही, परंतु तेवढ्यावरून लेखनिकाचा, यंत्रज्ञाचा किंवा चालकाचा लाभ बुडण्याचे कारण नाही. १९६३ च्या युक्तिवादाचा कणाच येथे मोडला. दुसरा मुद्दा अपवादाचा. जेथे वेतनी सेवक जवळजवळ नाहीत अशा लहान संस्था, उदाहरणार्थ गुरुकुले, त्यांनी उद्योगाच्या बाहेर ठेवल्या. गुरुकुल आणि आधुनिक विद्यापीठ यांतील भेद न्यायालयाने अशा रीतीने श्रमाच्या अंगाने अधोरेखित केला. ज्या संस्थेत आस्थापना-विभाग, हजेरीपट, वेतनश्रेणी आणि शिस्तभंगाची कारवाई आहे, तिने आपल्या सेवकांपुढे गुरुकुलाचा दाखला देणे यापुढे कठीण झाले.

७

निर्णयाचा आवाका पाहून विधिमंडळाने लवकरच हालचाल केली. १९८२ च्या दुरुस्ती अधिनियमाने उद्योगाची व्याख्या बदलून रुग्णालये, शैक्षणिक, वैज्ञानिक व संशोधन संस्था तिच्यातून वगळल्या. या अधिनियमाची इतर बरीचशी कलमे १९८४ साली अंमलात आली. परंतु नव्या व्याख्येचे कलम अंमलात आणण्याची अधिसूचना कधीच निघाली नाही. वगळलेल्या संस्थांतील सेवकांच्या गाऱ्हाण्यांसाठी पर्यायी यंत्रणा उभी राहिली नव्हती, हे त्याचे कारण सांगितले गेले. याचा परिणाम विलक्षण झाला. अधिनियमाच्या छापील प्रतीत एक व्याख्या मूळ स्थानी आणि दुसरी ‘अंमलात यावयाची’ म्हणून तिच्या शेजारी, अशी स्थिती दशकानुदशके राहिली, आणि विद्यापीठसेवकाचा हक्क न निघालेल्या एका अधिसूचनेच्या आधाराने टिकून राहिला.

दुसऱ्या दाराचा निकाल १९८८ साली लागला, आणि तो गोव्यातून गेलेल्या प्रकरणात. एका खाजगी शाळेतील शिक्षिकेची सेवा संपविण्यात आली होती आणि शासनाने तिचा तंटा न्यायनिर्णयासाठी पाठविण्यास नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या निर्णयास अनुसरून शाळा हा उद्योग आहे हे मान्य केले. परंतु शिक्षक हा कामगार नव्हे, असा निर्वाळा दिला. अधिनियमातील व्याख्येत कुशल वा अकुशल अंगमेहनतीचे, पर्यवेक्षणाचे, तांत्रिक किंवा लेखनिकी काम करणाऱ्यांचा समावेश होतो. अध्यापन हे यांपैकी कशातही बसत नाही. विद्यार्थ्यांच्या मनाची जडणघडण करण्याचे ते कार्य आहे. शिक्षकांच्या तंट्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा असावी, ही अपेक्षाही न्यायालयाने व्यक्त केली.

१९६३ आणि १९८८ हे दोन निर्णय शेजारी ठेवले म्हणजे एक प्रकारचे प्रतिबिंब दिसते. पहिल्यात शिक्षकाच्या प्रतिष्ठेमुळे चालकाचा हक्क गेला. दुसऱ्यात चालकाचा हक्क शाबूत राहिला, पण त्याच प्रतिष्ठेमुळे शिक्षिका दाराबाहेर राहिली. प्रतिष्ठा हा सन्मान खरा. परंतु नोकरी गेलेल्या माणसास तो सन्मान न्यायाधिकरणापुढे उभे राहण्याची जागा देत नाही.

८

व्याख्येच्या या खेळाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे उपदान. १९७२ च्या उपदान अधिनियमाप्रमाणे सामान्यतः पाच वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होणाऱ्या किंवा नोकरी सोडणाऱ्या सेवकास प्रत्येक पुऱ्या वर्षासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने रक्कम मिळत असे. ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने हा अधिनियम दहा किंवा अधिक सेवक असलेल्या शैक्षणिक संस्थांना लागू केला. शिक्षकांना वाटले की आता प्रश्न मिटला. परंतु या अधिनियमातही ‘कर्मचारी’ याची व्याख्या कामाच्या प्रकारांवरून केलेली होती, आणि अध्यापनाचा उल्लेख तीत नव्हता. २००४ साली अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे दाखवून दिले आणि शिक्षकास उपदान मिळू शकत नाही असे ठरविले. अधिसूचना शाळेला लागू होती, शाळेच्या शिपायाला तिचा लाभ होता, परंतु शिक्षकाला नव्हता. हवे असल्यास विधिमंडळाने कायदा बदलावा, असे न्यायालयाने सुचविले.

विधिमंडळाने तो बदलला. २००९ च्या दुरुस्तीने व्याख्येतून कामाच्या प्रकारांची यादीच काढून टाकली आणि हा बदल ३ एप्रिल १९९७ पासूनच अंमलात आल्याचे मानले जावे असे लिहिले. तरीही कथा संपली नाही. ७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने शिक्षकास उपदान नाही असा निर्णय पुन्हा दिला. २००९ ची दुरुस्ती त्यावेळी विचारात घेतली गेली नव्हती. ती निदर्शनास येताच दोन महिन्यांनी, ७ मार्च २०१९ रोजी, त्याच पीठाने आपला निर्णय बदलला. अखेर खाजगी शाळांच्या संघटनांनी या पूर्वलक्षी दुरुस्तीस दिलेले आव्हान २९ ऑगस्ट २०२२ रोजी फेटाळले गेले.

या प्रकरणाने पत्रकाचे महत्त्व जितके सिद्ध होते तितके दुसऱ्या कशाने क्वचितच होईल. अंमलात असलेली दुरुस्ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोरही सुटून जाऊ शकते, तर एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातील निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला किंवा त्याच्या आस्थापना-लेखनिकाला ती कळली असेलच, असे कसे गृहीत धरावे?

९

महाराष्ट्रापुरता विचार केल्यास आणखी दोन धागे लक्षात घेतले पाहिजेत. पहिला विद्यापीठविषयक अधिनियमांचा. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमात बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती यांविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा अधिकार ठेवलेला होता. हा अधिकार शिक्षक आणि इतर कर्मचारी या दोघांनाही सारखाच होता, आणि २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमातही न्यायाधिकरणाची योजना कायम राहिली. औद्योगिक कायद्याने ज्यांना दोन बाजूंस उभे केले त्यांना विद्यापीठाच्या स्वतःच्या कायद्याने एका दारातून आत घेतले, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. मात्र या दाराशी जाता येते ते नोकरी गेल्यावर किंवा पद उतरल्यावर. वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुकीवर ठेवले जाण्याचे गाऱ्हाणे त्यात सहजी बसत नाही.

त्या गाऱ्हाण्यासाठी दुसरा धागा. १९७१ चा महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबतचा अधिनियम १९७५ साली अंमलात आला. कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने कामगारांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षे ठेवणे ही त्याने अनुचित प्रथा ठरविली. १९६८ ते १९७२ या काळात राज्यात चार कृषिविद्यापीठे उभी राहिली. त्यांच्या प्रक्षेत्रांवरील मजुरांची दीर्घकाळची रोजंदारी हा या तरतुदीच्या कसोटीचा प्रसंग ठरला. नाशिक जिल्हा शेतकामगार युनियनने राहुरीच्या महात्मा फुले कृषिविद्यापीठाविरुद्ध चालविलेल्या प्रकरणात औद्योगिक न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निर्णय दिला होता. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाला अनुचित प्रथेच्या दोषातून मुक्त केले. पदे निर्माण करण्याचा अधिकार राज्य शासनाकडे होता. विद्यापीठाने पदांची शिफारस केली होती, ती शासनाने मंजूर केली नव्हती. तेव्हा विद्यापीठाने हेतुपुरस्सर लाभ नाकारले असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

या निर्णयाने प्रश्नाचे एक नवे अंग उघड केले. येथे विद्यापीठ उद्योग होते आणि मजूर हा कामगार होता. दोन्ही दारे उघडी होती. तरीही हक्क हाती आला नाही, कारण काम घेणारा एक आणि पद मंजूर करणारा दुसरा. मालक कोण, हा तिसराच प्रश्न त्यातून पुढे आला. २००६ साली घटनापीठाने नियमबाह्य नेमणुका कायम करण्यावर मर्यादा घातल्या. २००९ साली राज्य परिवहन महामंडळाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात, अनुचित प्रथा सिद्ध झाली आणि पदे उपलब्ध असली तर औद्योगिक न्यायालयाचा कायमपणा देण्याचा अधिकार त्या मर्यादेने हिरावला जात नाही, असा खुलासा झाला. सर्वस्वी मंजूर पदावर अवलंबून असलेला हा हक्क अनुदानाच्या राजकारणाशी जोडला गेला, तो असा.

यात भर पडली ती निवृत्तिवेतनाची. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना राज्याने जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची योजना लागू केली. शासकीय सेवेबरोबरच अनुदानित शिक्षणसंस्था व विद्यापीठे यांनाही ती लागू झाली. आजवर सेवकासेवकांत भेद होता तो कामाच्या प्रकारावरून. आता तो नेमणुकीच्या तारखेवरूनही झाला. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांनी जो संप केला, त्याचे मूळ या तारखेत आहे.

१०

१९७८ च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा अशी सूचना २००५ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने केली आणि २०१७ साली तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. इकडे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि १९२६ व १९४७ चे दोन्ही अधिनियम तिच्यात विलीन झाले. संहितेतील उद्योगाची व्याख्या १९७८ च्या त्रिविध कसोटीच्या वळणाची आहे. १९८२ च्या न अंमलात आलेल्या व्याख्येप्रमाणे तिने शैक्षणिक संस्था नावाने वगळलेल्या नाहीत. परंतु धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्था तिने वगळल्या आहेत. आपल्याकडील बहुसंख्य महाविद्यालये न्यासांनी वा शिक्षणसंस्थांनी चालविलेली आहेत, हे ध्यानात घेता जुना प्रश्न नव्या शब्दांत पुन्हा विचारला जाणार, असे मानण्यास जागा आहे.

वरील विवेचनाचा निष्कर्ष काढावयाचा तर असा. विद्यापीठसेवकाचे हक्क हे एखाद्या सनदेसारखे एकत्र लिहिलेले नाहीत. एकच मनुष्य एका अधिनियमाखाली कामगार आहे, दुसऱ्याखाली कर्मचारी आहे, तिसऱ्यातून नावाने वगळलेला आहे आणि चौथ्यात त्याची नेमणुकीची तारीख निर्णायक आहे. शिक्षक व शिक्षकेतर सेवक यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत म्हणून ते कायद्यात वेगळे पडले, असे इतिहास दाखवीत नाही. एकाच्या कामाला व्रत आणि दुसऱ्याच्या कामाला गौण म्हटल्यामुळे ते वेगळे पडले, आणि त्यात दोघांचेही आळीपाळीने नुकसान झाले.

अशा स्थितीत, कोणता लाभ कोणास, कोणत्या तारखेपासून आणि कोणाकडे अर्ज केल्याने मिळतो, हे सांगणारे संघाचे पत्रक ही हक्काची केवळ जाहिरात नसते. पुष्कळदा हक्क आणि माणूस यांना जोडणारा तो एकमेव दुवा असतो. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तर अशी पत्रके ही प्रथम दर्जाची साधने होत. न्यायनिर्णय ग्रंथबद्ध होतात, अधिनियम राजपत्रात राहतात. परंतु त्यांचा अर्थ प्रत्यक्ष सेवकापर्यंत केव्हा आणि कोणत्या रूपाने पोहोचला, हे फक्त पत्रकांवरून कळू शकते. ही पत्रके रद्दीत जातात, कारण ती सांभाळणे हे कोणाचेच काम नसते. आपल्या विद्यापीठांच्या अभिलेखागारांनी कुलगुरूंच्या भाषणांशेजारी कर्मचारी संघांच्या पत्रकांसाठी एक कपाट राखून ठेवले, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांच्या सूची करण्याचे काम हाती घेतले, तर विद्यापीठाच्या इतिहासाचा जो भाग अद्याप अलिखित आहे तो लिहिण्याचा पाया घातला जाईल.